पंधराशे रुपयांत किती दिवस?

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात शेतीच्या गप्पा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘सरकार घरबसल्या पैसे देतंय, मग भांगलणीला बायका येतील कशाला?’ रोख असतो लाडकी बहीण योजनेवर. जुलै 2024 पासून 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये जमा होऊ लागले.

हा आकडा मजुरीशेजारी ठेवून बघू. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे महिन्याभराची मदत पाच दिवसांच्या मजुरीएवढीही भरत नाही. उरलेले पंचवीस दिवस चूल कशावर पेटायची? शेतकऱ्याची अडचणही खोटी नाही. भांगलण वेळेत झाली नाही तर तण पीक खातं, आणि मजुरी वाढवायची तर मालाला भाव मिळायला हवा. पण ‘मदतीमुळे माणसं आळशी होतात’ ही तक्रार आजची नाही. आपल्याच मुलखात तिच्यावरून मोठा झगडा झाला आहे.

या तक्रारीला तत्त्वाचं रूप दिलं इंग्लंडनं. 1834 च्या गरिबांविषयीच्या कायद्यामागचा विचार असा होता, की मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यात गरीब कामगारापेक्षा वाईटच असली पाहिजे, नाहीतर कामावर कोण जाईल? ब्रिटिश अधिकारी हाच विचार सोबत घेऊन हिंदुस्थानात आले.

1876 साली दख्खनमध्ये पाऊस गेला. लोक रस्ते आणि तलावांच्या सरकारी कामांवर आले. खर्च वाढतोय म्हणून व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपलला पाहणीला पाठवलं. याच टेंपलनं 1874 च्या बिहारच्या दुष्काळात भरपूर धान्य आणून माणसं जगवली होती, आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली होती. या वेळी त्यानं हात आखडला. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. मद्रासमधले आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश म्हणत होते, की एवढ्यावर कष्टकरी शरीर टिकणार नाही.

मुंबई इलाख्यातल्या दख्खनी जिल्ह्यांत मजुरांनी याचं उत्तर दिलं. 1877 च्या सुरुवातीला एक लाखाहून जास्त लोक कामं सोडून निघून गेले. भुकेची माणसं मदतीच्या कामावरच संप करतात, हे सरकारला समजेना. पुण्याची सार्वजनिक सभा आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी त्यांची बाजू मांडली. मजुरांचा मुद्दा साधा होता: ज्या मजुरीत पोट भरत नाही, तिच्यासाठी घाम गाळला तर माणूस लवकर मरतो. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगानं मान्य केलं, की मजुरी निदान प्रकृती टिकेल एवढी तरी हवी. पण त्याच्या वर कितपत, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

वीस वर्षांनी, 1896-97 मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला. कोल्हापूरच्या गादीवर बावीस वर्षांचे शाहू महाराज होते. अधिकार हाती येऊन तीन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी दुष्काळी कामं काढली, तशी ती सगळीकडेच निघत होती. जोडीला स्वस्त धान्याची दुकानं उघडली, निराधारांसाठी आश्रम काढले आणि कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सांभाळायची सोय केली.

टेंपलच्या हिशेबात मजुरीचा एकच आकडा होता. कोल्हापुरात तीन गोष्टी एकत्र आल्या. हातात किती पडतं, त्यात बाजारात काय येतं, आणि मुळात कामावर जाता येतं का? मूल कुठं ठेवायचं हे ठरल्याशिवाय बाई कुदळ कशी उचलणार? तिथं मदतीमुळे काम सुटत नव्हतं, मदत होती म्हणून कामावर येता येत होतं.

स्वतंत्र महाराष्ट्रानं हा धागा पुढे नेला तो कोल्हापूरच्या शेजारी, सांगली जिल्ह्यात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हमीनं काम देण्याचा प्रयोग झाला. मग 1972 चा दुष्काळ आला. आजी-आजोबांना विचारा, सुकडी आणि मिलो हे शब्द त्यांना आठवतील. 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून काम मागणं हा ग्रामीण महाराष्ट्रात हक्क झाला.

तुमची पहिली नोकरी असेल तर पगाराची स्लिप उघडा. व्यवसाय कर म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 साली रोजगार हमीसाठीच आला. शहरातल्या नोकरदारानं गावच्या मजुराच्या कामासाठी काहीतरी द्यायचं आणि जमेल तेवढीच भर राज्यानं घालायची, असा तो करार होता.

पण दराचा जुना प्रश्न सुटला नव्हता. हमीचा दर शेतमजुरीच्या वर गेला तर रानात कोण येईल, ही धास्ती कायम होती. 1983 साली सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या दुष्काळी कामांबद्दल निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे. महाराष्ट्रात 1988 मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन दुप्पट झालं आणि हमीचा दरही वाढला. त्यानंतर कामांवरची हजेरी उतरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की दर वाढल्यावर पैसा पुरवण्यासाठी कामंच मोजूनमापून दिली जाऊ लागली. दर कागदावर चांगला होता, काम मात्र मागेल त्याला मिळेना.

म्हणून नुसता दर बघून भागत नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्यात एक तरतूद होती: कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. शाहू महाराजांच्या दुष्काळी कामांवरची सोय शंभरेक वर्षांनी देशाच्या कायद्यात आली.

उद्या कुणी ‘फुकट पैशानं मजूर बिघडले’ म्हणालं, तर त्याच्याशी भांडू नका. त्याच्या रानातली रोजाची मजुरी विचारा. त्यात तेल, डाळ आणि गॅस बसतो का, ते दोघं मिळून मोजा. आणि भांगलणीला येणाऱ्या बाईचं लहान मूल तेवढ्या वेळात कुणाकडे असतं, तेही विचारा.