हाताची सवय : मेरी एन्सवर्थ यांच्या संशोधनाविषयी

बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून तान्ह्या मुलाविषयी दोन परस्परविरोधी उपदेश एकाच दिवशी ऐकू येत. माजघरातून आजी म्हणे, "आधी पोराला घे, वरण मागाहून ढवळ." ओसरीवरून एखादे शिकलेले काका बजावीत, "उचलू नका, हाताची सवय लागेल." काकांच्या मताला त्या काळच्या शास्त्राचाही पाठिंबा होता. जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली शिशुसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना कुरवाळू नये, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असे त्यात गंभीरपणे सांगितले आहे! या वादाचा निर्णय वाचनालयात बसून लागणार नव्हता. त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन बसावे लागणार होते, आणि ते काम मेरी एन्सवर्थ या विदुषीने केले.

त्यांचा जन्म १९१३ साली ओहायो प्रांतातला. शिक्षण मात्र टोरंटोला झाले. १९३९ साली डॉक्टरेट मिळाली, युद्धकाळात त्या कॅनडाच्या महिला सैन्यदलात मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्या. १९५० साली विवाहानंतर पतीबरोबर लंडनला आल्या असता वृत्तपत्रातील एका जाहिरातीमुळे जॉन बोल्बी यांच्याकडे संशोधनाचे काम मिळाले. आईपासून दुरावल्याचा लहान मुलावर काय परिणाम होतो, हा बोल्बींचा विषय. तेथेच जेम्स रॉबर्टसन हे सहकारी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या मुलांच्या वागण्याची बारकाईने टिपणे घेत असत. आईबापांना भेटीची फार थोडी मुभा असलेला तो काळ होता. त्या साध्या, डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या टिपणांनी एन्सवर्थबाई भारावून गेल्या. आपणही कधीतरी असेच काम करायचे, हे त्यांनी ठरवून टाकले.

ती संधी आली युगांडात. १९५४ साली पतीच्या नोकरीनिमित्त त्या कंपालाला गेल्या. दूध तोडताना मुलाला काही दिवस आईपासून दूर पाठविण्याची गांडा लोकांची जुनी रीत होती. तिचा परिणाम अभ्यासावा असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात ती रीत बहुतेक घरांतून गेलेली आढळली. योजना कोसळली म्हणावयाची. पण बाईंनी विषयच बदलला. दुभाषी स्त्रीला बरोबर घेऊन कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांकडे त्या दर पंधरवड्याला दोन-दोन तास जाऊन बसू लागल्या. दुपारी बायका पाहुण्यांना बैठकीच्या खोलीत बसवीत, गप्पा चालत, मुले भोवती रांगत. मोबदला म्हणून दवाखान्यात जाण्यायेण्याची सोय आणि घाऊक भावाने दुधाची पावडर.

त्या खोल्यांत त्यांना जे दिसले ते आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलेले आहे. मूल आईपासून रांगत दूर जाते, भांडे वाजवते, वळून आईकडे पाहते, पुन्हा पुढे जाते. आई हे त्याचे माघारी येण्याचे हक्काचे ठिकाण. ते पक्के असले म्हणजे मूल धीट होते. हे निरीक्षण १९६७ साली पुस्तकरूपाने आले.

दरम्यान बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी आणखी २६ कुटुंबे निवडली. बाळाच्या तिसऱ्या आठवड्यापासून ते वर्षाचे होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी चार तासांची भेट, म्हणजे प्रत्येक घरी सुमारे ७२ तास. येथे एक अडचण आली. आई उठून गेली की गांडा मुले रडत. बाल्टिमोरच्या मुलांना मात्र आईच्या जाण्यायेण्याची सवय होती, ती सहसा रडत नसत. म्हणून मुलाला किंचित अस्वस्थ करणारा, अनोळखी खोलीतला वीस मिनिटांचा प्रयोग रचावा लागला. आई दोनदा बाहेर जाते, एक परकी बाई येते, आई परत येते. मूल रडले की नाही यापेक्षा आई परतल्यावर ते काय करते, याला महत्त्व. बहुतेक मुले आईला बिलगून शांत होत व पुन्हा खेळू लागत. काही पाठ फिरवीत. काही बिलगूनही रुसलेलीच राहत. पाठ फिरविणारी मुले दिसायला शांत असली तरी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, असे १९७७ साली इतरांनी दाखविले.

काकांच्या मताचे काय झाले? १९७२ साली सिल्व्हिया बेल यांच्यासह एन्सवर्थबाईंनी लिहिले की, ज्यांच्या रडण्याला आरंभीच्या महिन्यांत लवकर ओ मिळाली ती मुले वर्षाच्या अखेरीस कमी रडत. यावर लगेच आकडेशास्त्रीय आक्षेप आले, आणि २००० साली डच संशोधकांनी पुन्हा मोजमाप केले तेव्हा निष्कर्ष जुळला नाही. तेव्हा आजीने लगेच विजय मानू नये.

माझी तक्रार निराळी आहे. जगाने ते ७२ तास विसरून वीस मिनिटे उचलली. खोली व खेळणी कोठेही मांडता येतात, परक्या घरी वर्षभर जाऊन बसणे सोपे नाही! जपानमध्ये साप्पोरो येथे हाच प्रयोग झाला तेव्हा पुष्कळ मुले अनावर रडली. आईपासून क्षणभरही दूर न राहिलेल्या मुलाला एकटे सोडणे ही वेगळीच परीक्षा होती. १९८८ साली आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र पाहण्यात आले, तेव्हा देशादेशांपेक्षा एकाच देशातील फरक अधिक निघाले. त्या आठांत भारत नव्हता. मुलाची ओढ एकट्या आईपुरती नसते, हे ग्लासगोच्या ६० मुलांवरून १९६४ सालीच दिसले होते. काकूच्या कडेवरून आत्याच्या मांडीवर जाणाऱ्या आमच्या पोरांना त्या खोलीत ठेवून नेमके काय मोजले असते, कोण जाणे.

एन्सवर्थबाई १९९९ साली वारल्या. त्यांच्या युगांडाच्या पुस्तकातली एक नोंद मला त्या प्रयोगाहून मोलाची वाटते. आपल्या बाळाविषयी न विचारताच भरभरून सांगणाऱ्या, त्याच्या बारीकसारीक लकबी लक्षात ठेवणाऱ्या आयांची मुले अधिक निर्धास्त आढळली. ज्या आयांना अशा खाणाखुणा टिपता येत नसत, त्यांची मुले तशी नव्हती. ही नोंद दुपारच्या गप्पांतून झालेली आहे.