दट्ट्या व संयोगदांडा : काढणी व पुनर्बसवणी

मोटारीच्या एंजिनातील दट्ट्या (पिस्टन) व त्याला भुजादंडाशी जोडणारा संयोगदांडा (कनेक्टिंग रॉड) सिलिंडरातून बाहेर काढणे, तपासणे व पुन्हा आपल्या जागी बसविणे, हे एंजिन-दुरुस्तीतील जोखमीचे काम समजले जाते. दट्ट्या सिलिंडरात वरखाली सरकतो आणि संयोगदांडा या सरळ गतीचे भुजादंडाच्या चक्रगतीत रूपांतर करतो. दट्ट्यावरील कड्या झिजल्या म्हणजे दाब निसटतो, तेल वर चढून जळते व धूर येऊ लागतो. अशा वेळी एंजिन खोलावे लागते. ते किती सहज खोलता येईल हे कारागिराच्या कौशल्याइतकेच एंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते, आणि ती रचना गेल्या शतकात बरीच बदलली.

प्रारंभीच्या मोटारींत सिलिंडर व त्याचा माथा बहुधा एकसंध ओतीव असत. दट्ट्यापर्यंत पोहोचण्यासाठी अख्खे सिलिंडर भुजापेटीवरून उचलावे लागत. परत बसविताना कड्या बोटांनी दाबून धरून जड ओतीव हळूहळू खाली सोडावे लागे, आणि एखादी कडी मोडल्यास सारे काम पुन्हा करावे लागे. फोर्ड कंपनीच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’ मोटारीत चारही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतलेले असून त्यांचा माथा बोल्ट काढून वेगळा करता येत असे. या रचनेचा प्रसार झाल्यावर दट्ट्या वरून बाहेर काढण्याची पद्धत रूढ झाली. अर्थात त्यासाठी संयोगदांड्याचे खालचे मोठे टोक सिलिंडरातून जाण्याइतके अरुंद हवे. ते तसे नसेल तेथे टोक तिरके विभागण्याची युक्ती काढण्यात आली.

दुसरा बदल धारव्यांचा. आयझॅक बॅबिट यांची १८३९ मधील मऊ मिश्रधातू वितळवून थेट संयोगदांड्याच्या टोकात ओतीत व रंग लावून, उंचवटे खरवडून भुजादंडाच्या खुंटीशी जुळवीत. झीज झाल्यावर टोक व त्याची टोपी यांमधील पातळ पत्र्यांपैकी एखादा काढून सैलपणा घालवीत. हे काम पुस्तकाने शिकता येण्याजोगे नव्हते. १९३० नंतरच्या दशकात पातळ पत्र्याच्या, तयार मापाच्या धारवा-वाट्या प्रचारात आल्या आणि खरवडण्याची कला मागे पडत गेली.

काढणीची प्रक्रिया मात्र फारशी बदललेली नाही. माथा व तेलपात्र उतरविल्यावर प्रथम सिलिंडराच्या वरच्या काठाशी असलेली कड पाहतात. सर्वांत वरची कडी जेथवर पोहोचते त्याखालची भिंत झिजते व वरची तशीच राहते. ही कड न काढता दट्ट्या ठोकून वर आणल्यास कड्यांमधील धातूचे काठ तुटतात. मग प्रत्येक दांडा व त्याची टोपी यांवर सिलिंडराचा क्रमांक घालतात. दोहोंचे भोक एकत्र कोरलेले असल्याने एकीची टोपी दुसऱ्यास लावणे म्हणजे धारव्याचा नाश होय. बोल्टांच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवितात, नाहीतर खुंटीवर ओरखडे पडतात. बसविताना कड्यांच्या फटी एका रेषेत येऊ देत नाहीत. पट्ट्याने कड्या आवळून, दट्ट्यावरील खूण योग्य दिशेस ठेवून, हातोड्याच्या लाकडी दांड्याने त्यास हलकेच आत लोटतात. शेवटी बोल्ट नेमून दिलेल्या पिळाने आवळतात. अंदाजाने आवळलेला बोल्ट चालत्या एंजिनात तुटला, तर दांडा ठोकळा फोडून बाहेर येऊ शकतो.

महाराष्ट्रात या कामास महत्त्व आले ते मोटारींच्या दुर्मिळतेमुळे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. देशी उत्पादनाची योजना नसलेल्या जुळणी-कारखान्यांना शासनाने १९५३ च्या सुमारास आळा घातला व जनरल मोटर्सने मुंबईतील आपला कारखाना बंद केला. त्यानंतर नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हाती असलेली मोटार टिकविणे भाग पडे. प्रीमियरच्या फियाट ११०० चे चार सिलिंडरांचे एंजिन (व्यास ६८ मिमी., धाव ७५ मिमी., घनफळ १,०८९ घ. सेंमी.) याच वृत्तीस अनुकूल होते. सिलिंडर कोरून किंचित मोठे करावयाचे, त्यास मोठ्या मापाचे दट्ट्ये घालावयाचे, भुजादंड घासून कमी मापाच्या धारवा-वाट्या बसवावयाच्या, असे एकच एंजिन अनेकदा नव्याने बांधता येई. कारागीर यालाच ‘इंजिन बांधणे’ म्हणतात, आणि हा शब्द ‘दुरुस्ती’पेक्षा अधिक नेमका आहे.

सोलापूर–वाडी लोहमार्गावरील दुधनीसारख्या सीमेवरच्या बाजारगावी या कामाचे स्वाभाविकच दोन भाग पडतात. एंजिन खोलणे, कड्या बदलणे व परत बांधणे मिस्त्रीच्या हाताने होते. सिलिंडर कोरणे व भुजादंड घासणे यांस यंत्रे लागतात आणि ती गावात नसल्यास ठोकळा शहरी न्यावा लागतो. मोटार तोवर उभी राहते. म्हणून भिंतीची झीज आधी नीट मोजणे, हा खर्चाचा खरा निर्णय असतो. केवळ नव्या कड्यांनी भागेल तेथे ठोकळा कोरणे व्यर्थ, आणि लंबगोल झालेल्या सिलिंडरात नव्या कड्या घालणे त्याहून व्यर्थ.

मुंबईच्या टॅक्सींतील अखेरच्या प्रीमियर पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. नव्या एंजिनांत संयोगदांड्याचे टोक करवतीने न कापता नियंत्रित तडा देऊन विभागतात. त्या खडबडीत पृष्ठांमुळे प्रत्येक टोपी केवळ आपल्याच दांड्यावर नेमकी बसते. काही एंजिनांत सिलिंडराच्या ॲल्युमिनियमी भिंतीवर कठीण पातळ लेप असतो. तेथे नेहमीच्या पद्धतीने कोरून मोठे माप घेता येत नाही, व झीज झाल्यास बहुधा संपूर्ण ठोकळाच बदलतात.