वाढवणं सोपं, आवरणं अवघड

भुकूमहून मी पुन्हा हजर. डेटाबेस एका मशीनवर मावेना, तर दोन वाटा. मशीन मोठं घ्या, नाहीतर शेजारी आणखी मशीनं मांडा. दुसरी वाट म्हणजे हॉरिझाँटल स्केलिंग.

आपल्याकडचं मोठं उदाहरण आधारचं. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. एप्रिल 2016 मध्ये आकडा 100 कोटींवर गेला. हे एका मशीनचं काम नव्हेच, म्हणून नोंदी अनेक मशीनवर वाटलेल्या.

पण मशीनं वाढली की सांभाळणाराही लागतो. 2014 मध्ये गूगलने कुबरनेटीस जाहीर केलं. एक कंटेनर पडला की ते दुसरा उभा करतं. वेबसाइटला हे चालतं. डेटाबेसचं तसं नाही, तिथे कुठला डेटा कुणाकडे याला महत्त्व.

म्हणून जुलै 2016 मध्ये पेटसेट आलं. तेव्हा इंजिनियर म्हणायचे, सर्व्हर पाळीव प्राण्यासारखे नकोत, गुरांसारखे बिननावाचे हवेत. भुकूममध्ये हे ऐकून लोक हसतील. इथे गोठ्यातल्या गाईलाही नाव असतं! डिसेंबरात पेटसेटचं स्टेटफुलसेट झालं. प्रत्येक नोडला कायमचं नाव आणि स्वतःची डिस्क.

एवढं असूनही मी माती खाल्ली. जुन्या नोकरीत खर्च वाचवायला एका रात्री पाच नोडचे थेट तीन केले. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती होत्या, त्यातल्या दोघींचं उत्तर लागायचं. काही नोंदींच्या दोन प्रती नेमक्या गेलेल्या नोडवर. ॲपवर एरर सुरू, माझे हात गार. आकडा परत पाच केला. नोड त्याच नावांनी उठले, जुन्या डिस्क जोडल्या गेल्या, डेटा वाचला. स्टेटफुलसेट नोड काढतं तेव्हा डिस्क आपणहून पुसत नाही, म्हणून वाचलो.

ती मोजणी कुबरनेटीसने बरोबरच केली होती. आधी डेटा हलवा, मग एकेक नोड काढा, हे त्याला ठाऊक नव्हतं. जाणत्या ॲडमिनला ठाऊक असतं. तेच शहाणपण कोडमध्ये उतरवायची कल्पना कोअरओएसने नोव्हेंबर 2016 मध्ये मांडली. तिचं नाव ऑपरेटर. आज चांगला ऑपरेटर आकडा बदलला की आधी डेटा हलवतो, मगच नोड सोडतो.

पण त्यात कुणी लिहिलंय तेवढंच त्याला कळतं. म्हणून आकडा कमी करण्याआधी एक प्रश्न विचारा: यांचा डेटा जाणार कुठे?

भेटू पुढच्या भागात.