जबड्याचें उसनें हाड

दांत पडले कीं, ते ज्या हाडांत रोवलेले असतात तें हाडहि हळूहळू झिजूं लागतें. जबड्यांत टिटॅनियमचा खुंट रोवून त्यावर नवा दांत बसवितां येतो. पण हाडच पुरेसें उरलें नसेल, तर खुंटास आधार कशाचा? म्हणून प्रथम हाडाचें कलम करावें लागतें.

कलमाचें मर्म आपल्या पुण्याजवळ फार पूर्वीं दिसून आलें. १७९२ सालच्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाचा मराठा गाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें एका वीटकरी जातीच्या वैद्यानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. कातडीचा देठ त्यानें दोन भुंवयांमध्यें तसाच राखला, आणि भाग रुजल्यावर, सुमारें पंचविसाव्या दिवशीं, तोडला. हा वृत्तान्त १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें छापला गेला, आणि १८१४ सालीं तेथील कार्प्यू या शस्त्रवैद्यानें हीच रीत अवलंबिली.

आमच्या बिलोलीकडे आंब्याचें भेटकलम ज्यानें पाहिलें आहे, त्यास हें नवल वाटणार नाहीं. जोड सांधेपर्यंत फांदी मूळ झाडापासून तोडावयाची नसते.

हाडाचा न्यायहि हाच. १९६५ सालीं स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनीं प्रथम मनुष्याच्या जबड्यांत टिटॅनियमचे खुंट बसविले. पुढें हाड भरून काढण्याचे अनेक मार्ग निघाले. हनुवटीचें, दाढेमागचें किंवा कमरेचें स्वतःचें हाड घेतल्यास त्यांत जिवंत पेशी असतात, परंतु दुसरी जखम सोसावी लागते. दात्याचें अथवा शुद्ध केलेलें गाईचें हाड वापरल्यास ती जखम टळते. मात्र तो निर्जीव सांगाडा असतो, व त्यांत नवें हाड शरीरासच भरावें लागतें. कर्करोगामुळें जबड्याचा मोठा भाग काढला असेल, तर पायाच्या पोटरीकडील बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून मानेंतील वाहिन्यांशीं जोडतात. १९८९ सालीं हिडाल्गो यांनीं जबड्यासाठीं ही रीत वर्णिली.

मार्ग कोणताहि असो, रक्त पोहोंचलें तरच कलम जगतें. तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो, आणि धूम्रपानानें रक्तवाहिन्या आकसून कलम रुजण्यासहि बाधा येते. म्हणून शस्त्रवैद्याकडे जाण्यापूर्वीं चंची व विडी घराबाहेर टाकावी. पुण्याच्या त्या वैद्याचें नांव इतिहासानें राखलें नाहीं. त्याचा देठाचा धडा तरी आपण राखावा.