सहा फूट एक

फेब्रुवारी 2014. इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये तुम्ही बसला आहात. गळ्यात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाचं ओळखपत्र, मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. तुम्ही स्काउट आहात. कॉलेज फुटबॉलमधली तीनशेच्या वर पोरं इथे मोजून घ्यायला आली आहेत. मे महिन्यात ड्राफ्ट आहे, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. तिथे सगळ्यात वाईट खेळलेला संघ आधी निवडतो, म्हणून पहिला मान ह्यूस्टनचा.

पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड पुढे येतो. उंची सहा फूट एक इंच, वजन 285 पौंड, म्हणजे साधारण 129 किलो. रस्त्यात दिसला तर तुम्ही बाजूला व्हाल. इथे मात्र शेजारचा म्हातारा स्काउट तोंड वाकडं करतो. बचावफळीच्या मधोमध खेळणारा गडी सहा-तीन हवा, तीनशे पौंडांचा हवा. दोन धिप्पाड अडवणारे एकदम अंगावर आले तर हा मागे रेटला जाईल, असं त्याचं म्हणणं. म्हातारा मूर्ख नाही. अशी मागे रेटली गेलेली पोरं त्याने पाहिलेली असणार.

डोनाल्ड धावतो. 40 यार्ड, 4.68 सेकंद. तुम्ही स्टॉपवॉचकडे पुन्हा बघता. एवढ्या वजनाचा माणूस असा धावत नसतो. 225 पौंडांचा बार तो 35 वेळा उचलतो.

तुमची पंचाईत वेगळीच आहे. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण अहवालात ते लिहिता येत नाही. लिहायचं ते फेब्रुवारीत हाती असलेल्या पुराव्यावरच. मग हॉटेलच्या खोलीत फिल्म लावा. 2013 च्या मोसमात त्याने 11 सॅक केले, म्हणजे अकरा वेळा क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच आडवा केला. चेंडू घेतलेल्याला खेळ सुरू झालेल्या रेषेच्या मागे पाडण्याची त्याची बेरीज 28.5; अर्धा म्हणजे सोबत्याबरोबरची वाटणी. आउटलंड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक हे चारही पुरस्कार त्याच्याच घरी गेले.

आकडे बाजूला ठेवा, फक्त त्याचं पहिलं पाऊल बघा. चेंडू हलतो न हलतो तोच तो समोरच्याच्या छातीखाली शिरलेला असतो. कबड्डीत बुटका कोपरारक्षक चढाईपटूच्या घोट्याला हात घालतो तेव्हा त्याची उंची कोण विचारतं? उंच अडवणाऱ्याला वाकावं लागतं आणि वाकला की जोर गेला. ज्याला सगळे उणीव म्हणत होते तेच त्याचं हत्यार होतं. शिवाय दाखला समोरच होता: सिनसिनाटीचा जीनो ॲटकिन्स, असाच सहा-एकचा, 2010 मध्ये थेट चौथ्या फेरीत घेतलेला आणि तोवर लीगभर गाजलेला. जानेवारीत मोबाइल गावी सीनिअर बोल या कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात तर डोनाल्डसमोर एकास एक उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती.

तुम्ही लिहिता: पहिल्या दहात घ्या.

8 मे, न्यूयॉर्क, रेडिओ सिटी म्युझिक हॉल. ह्यूस्टन जॅडेव्हियन क्लाउनीला घेतं. नावं पुकारली जातात. दहावा क्रमांक जातो. बारावा जातो. तेराव्यावर सेंट लुईस रॅम्स त्याचं नाव घेतात.

त्याच मोसमात तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. पुढे 2017, 2018 आणि 2020 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू. दहा मोसम खेळला, दहाही वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तमांत, निवडला गेला. रॅम्सच्या पारखीचं कौतुक अजून होतं. त्या रात्री दुसरा क्रमांकही त्यांचाच होता, आणि तो त्यांनी ऑबर्नच्या ग्रेग रॉबिन्सन या अडवणाऱ्यावर खर्च केला. डोनाल्डला सोडून देणाऱ्या बारा निवडींत एक रॅम्सचीच होती.