रॉक क्रॉलर

रॉक क्रॉलर : दगडधोंड्यांवरून, कातळाच्या पायऱ्यांवरून आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश चढता-उतरता यावे म्हणून बांधलेली चारचाकी गाडी. नवी कोरी गाडी यासाठी सहसा कोणी घेत नाही. चारही चाकांना ताकद मिळणारी एखादी जुनी गाडी पूर्ण खोलायची, चेसिस आणि हाऊसिंग (चाकांचा आस आणि डिफरन्शियल सामावणारे घर) ठेवायची आणि बाकीचे हिशेबाने पुन्हा उभे करायचे, अशी या कामाची रीत आहे. अमेरिकेत त्यासाठी जुने पिकअप ट्रक आणि जीपा घेतात. महाराष्ट्रात ट्रकची जागा महिंद्राच्या जीपने घेतली, म्हणून ही नोंद मुख्यतः जीपची आहे. क्रॉलरला मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘रांगणारी गाडी’ म्हणता येईल, पण गॅरेजमध्ये तसे कोणी म्हणत नाही. आणि ‘पांगुळगाडा’ हा चांगला शब्द लहान मुलांनी आधीच अडवून ठेवला आहे.

नोंदीत ज्या भूमीचा संदर्भ येतो ती सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याची. हे कोरेगाव सातारा–पंढरपूर रस्त्यावरचे, तीळगंगेकाठचे, पुणे–मिरज लोहमार्गावरचे. भीमेकाठचे किंवा पुणे शहरातले नव्हे. जरंडेश्वराचा डोंगर, नांदगिरीचा कल्याणगड, चंदन-वंदनची जोडगोळी या सगळ्यांची घडण एकच : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. एक थर कठीण, त्याखालचा सच्छिद्र आणि मऊ. मऊ थर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि डोंगराला जिन्याचे रूप येते. या खडकाचे ‘ट्रॅप’ हे नावच जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून पडले आहे. कड्यातून सुटलेले धोंडे ओढ्यांत येऊन पडतात, गोल होतात. तालुक्याचा पूर्वभाग कमी पावसाचा असल्याने असे ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात. कोरड्या काळ्या कातळावर रबर चांगले धरते. तोच कातळ शेवाळला की त्यावर पायही ठरत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकलेली बरी : गड पायांनी चढायचे असतात. क्रॉलरची जागा गडावर नाही, पायथ्याच्या ओढ्यात आहे, आणि तीही मालकाची परवानगी घेतलेल्या रानात.

जीप या मुलखात कशी आली, हे पाहिल्याशिवाय क्रॉलरचा आधार कळत नाही. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलीज कंपनीच्या जीपा सुटे भाग आणून मुंबईच्या माझगावात जोडण्यापासून तिने वाहनधंदा सुरू केला. त्यातली ‘सीजे-३बी’, म्हणजे हौशी लोकांची ‘हाय बॉनेट’, अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढीच निघाली. भारतात ती आणि तिची भावंडे पुढे कित्येक दशके निघत राहिली. बॉनेट उंच, कारण त्याखालचे ‘हरिकेन’ इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. सौंदर्याचा काही संबंध नाही. पेट्रोल महागल्यावर ग्रामीण भागातल्या असंख्य जीपांत डिझेल इंजिने बसली. नंतर पूजो डिझेल इंजिनाची ‘एमएम ५४०’ आली. आज क्रॉलरसाठी हात घातला जातो तो बहुधा या दोन घराण्यांतल्या गाडीला. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेली आणि लिलावात बाहेर पडलेली ‘जोंगा’ दणकट खरी, पण जड आणि पेट्रोलला हावरट. १९८५ मध्ये आलेली मारुती ‘जिप्सी’ उलट हलकी, म्हणून दगडावर चपळ.

पश्चिम महाराष्ट्रात जीप म्हटले की आधी आठवते ते वडाप. आत दाटीवाटीने, मागच्या फळीवर लटकून आणि टपावरसुद्धा माणसे घेऊन कोरेगाव–साताऱ्यासारख्या रस्त्यांवर धावणाऱ्या या गाड्या बहुतेक दोनच चाकांवर ताकद देणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा क्रॉलर होत नाही. त्यांनी दिले ते मिस्त्री. रोज अडीचपट भार वाहणारी गाडी पाटे मोडते, क्रॉस (शाफ्टचा सांधा) तोडते, क्राउन-पिनियन खाऊन टाकते. ती रात्रीत दुरुस्त करून सकाळच्या खेपेला उभी करणारा माणूस हाऊसिंगचा आवाज ऐकून कोणता बेअरिंग गेला ते सांगतो. दुसरी शाळा उसाची. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे ऊस ओढणाऱ्या या पट्ट्यात ट्रॉली बांधणारे वेल्डर तालुक्या-तालुक्याला आहेत. जाड लोखंडाला ताण कुठून येतो आणि सांधा कुठे फाटतो, हे त्यांनी चुका करून शिकलेले आहे. लेथवरचे बारीक काम अडले तर कोल्हापूरचे उद्यमनगर लांब नाही. हे तिघे असले की क्रॉलर होतो. बाकीचे सामान मागवता येते.

सगळ्या बांधणीमागचे तत्त्व एकच आहे : हळूपणा. हा खेळ वेगाचा नाही. दगडावर वेग घेऊन आदळलेली गाडी एक तर मोडते किंवा उलटते. म्हणून इंजिन किती अश्वशक्तीचे, हा प्रश्न दुय्यम आणि ‘क्रॉल रेशो’ किती, हा पहिला. क्रॉल रेशो म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी इंजिनाचे किती फेरे व्हावे लागतात तो आकडा. जुन्या पेट्रोल जीपमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) ‘लो’चे २.४६ आणि क्राउन-पिनियनचे ५.३८. तिघांचा गुणाकार ३७. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर चाक मिनिटाला साधारण साडेएकवीस फेरे घेते आणि मूळच्या २८ इंची टायरवर गाडी तासाला सुमारे २.९ किलोमीटर चालते. आजोबा नातवाला घेऊन देवळात जातात तो हा वेग. पण क्रॉलरला ३३ इंची टायर घातले की तोच वेग ३.४ किलोमीटरवर जातो आणि चाकाची ओढही तितकीच घटते. दिमाखासाठी मोठे टायर घालून गिअर तसेच ठेवणाऱ्यांची गाडी मग दगडापुढे बंद पडते आणि दोष इंजिनाला दिला जातो. खरा उपाय प्रमाण वाढवण्याचा : ट्रान्सफर केसमध्ये आणखी खालचा गिअर किंवा गिअरबॉक्सच्या मागे दुसरी गिअरपेटी. प्रमाण ८० वर नेले तर ३३ इंची टायरवरही वेग ताशी दीड किलोमीटरच्या आसपास येतो. क्लच न दाबता, ब्रेकला पाय न लावता गाडी दगड चढते. चालक फक्त चाक कुठे ठेवायचे ते ठरवतो.

याच गुणाकाराची दुसरी बाजू कमी लोक पाहतात. इंजिनाचा पीळ सदतीसपट किंवा ऐंशीपट होऊन अर्धशाफ्टावर येतो. एरवी चाक घसरते आणि शाफ्ट वाचतो. दगडाच्या खाचेत अडकलेले चाक घसरत नाही, म्हणून शाफ्ट तुटतो. सगळ्यांत आधी जातो तो पुढच्या चाकाजवळचा सांधा, तोही स्टेअरिंग पूर्ण वळवलेले असताना. म्हणून जाणते मिस्त्री गिअर वाढवण्याआधी शाफ्ट वाढवतात. उलट क्रमाने केलेली गाडी पहिल्याच ओढ्यातून दोरीने बाहेर येते.

डिफरन्शियल : वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून हाऊसिंगमधला हा संच दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. रस्त्यावर हे वरदान; दगडावर हाच शाप. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो, आणि तोही ज्या चाकाची पकड कमी त्याला झेपेल तेवढाच. एक चाक हवेत उचलले की त्याला पिळाची गरज जवळपास शून्य, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्य. पुढचे एक आणि मागचे एक अशी तिरकी दोन चाके सुटली की चारही चाकांची म्हणवणारी गाडी जागेवर भिरभिरते. उपाय म्हणजे डिफ-लॉक. हवेच्या दाबाने किंवा तारेने हवा तेव्हा लागणारा लॉक उत्तम पण महाग. गरिबाचा उपाय म्हणजे आतले लहान गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकणे. मागच्या हाऊसिंगला ते चालते, टायर झिजतात एवढेच. पुढच्या हाऊसिंगला वेल्ड केले तर स्टेअरिंग दगडासारखे होते आणि रस्त्यावर ती गाडी धोक्याची ठरते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ पुढे-मागे दोन्ही लॉक कारखान्यातूनच घेऊन येते. जुन्या जीपवाल्यांना तिचा हेवा वाटतो तो यासाठी, रूपासाठी नव्हे.

पाटे : विलीज घराण्यात पाटे हाऊसिंगच्या खालून जातात. तेच वर घेतले, म्हणजे हाऊसिंग पाट्यांच्या खाली टांगले, की गाडी साधारण पाच इंचांनी उचलली जाते आणि पाटे दगडाला घासत नाहीत. काम स्वस्त आहे आणि सगळ्यांत जास्त बिघडवले जाते तेही हेच. हाऊसिंगची पाट्याची बैठक नव्या कोनात वेल्ड करावी लागते, नाहीतर पिनियनचे तोंड चुकते आणि क्रॉस धडाधड तुटतात. स्टेअरिंगचे दांडे नव्या उंचीला जुळवावे लागतात, नाहीतर पाटा दबला की गाडी आपोआप वळते. शिवाय ताकद लागताच हाऊसिंग पाट्यांना पिळून स्वतःभोवती फिरू पाहते. ते रोखायला वेगळा दांडा लागतो. उंचीपेक्षा महत्त्वाचे असते ते चाकाचे लोंबणे : एक चाक धोंड्यावर असताना दुसरे खड्ड्यात उतरून जमिनीला टेकले पाहिजे. कमी पाने, लांब पाटा आणि लांब शॅकल यांनी ते साधते. वडापच्या सवयीने पाने वाढवून गाडी ताठ करणारा मिस्त्री येथे चुकतो. भार वाहण्याचे शहाणपण दगडावर उलटे पडते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. कार्बोरेटरची पेट्रोल जीप तीव्र चढावर बंद पडते, कारण फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल एका बाजूला जाते. पंपाचे जुने डिझेल इंजिन तिरक्या गाडीतही चालत राहते आणि कमी फेऱ्यांत ओढते, म्हणून तेच पसंतीचे. टायरची हवा रस्त्यावरच्या निम्म्याहून खाली उतरवतात. टायर दगडाला मिठी मारतो. फार उतरवली तर तो रिममधून निसटतो, त्यासाठी कडेला बोल्टने आवळणारी बीडलॉक रिम असते. रोल केज चेसिसला जोडलेली असावी. पत्र्याला जोडलेली केज गाडी उलटताना पत्र्यासकट आत येते. रंगकाम शेवटी करावे. बहुतेक अर्धवट राहिलेल्या गाड्यांचा पैसा रंगात आणि दिव्यांत गेलेला असतो.

चालवताना दुसरा माणूस हवाच. चालकाला पुढचे चाक दिसत नाही, म्हणून खाली उभा राहून हाताने वाट दाखवणारा ‘स्पॉटर’ लागतो. एसटी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या... बास’ म्हणणाऱ्या कंडक्टरचे आणि ट्रकच्या क्लीनरचे हेच काम. फरक एवढाच की येथे आवाज इंजिनात बुडतो, म्हणून खुणा आधी ठरवाव्या लागतात आणि एकाच वेळी एकानेच सांगायचे असते. पाच जण पाच वाटा दाखवू लागले की गाडी सहाव्या वाटेने उलटते.

खेळाचे मूळ अमेरिकेतले. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये जीपवाल्यांचा पहिला जांबोरी झाला. युटातल्या मोअबची ईस्टर जीप सफारी १९६७ पासूनची. वाळवंटी शर्यत आणि दगडचढाई एकत्र करणारी ‘किंग ऑफ द हॅमर्स’ २००७ पासूनची. आपल्याकडे मलेशियातून आलेले ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाले, पण ते भर पावसातले, चिखलाचे आणि विंचचे. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाचे मैदान उभे केले. सह्याद्रीतला हौशी माणूस बहुधा चिखल आणि दगड दोन्हीला पुरेल अशी गाडी बांधतो, त्यामुळे ती दोन्हीकडे थोडी कमी पडते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर परवानगी आणि नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. उंच केलेली, रुंद टायरची, वेल्ड केलेल्या हाऊसिंगची गाडी साताऱ्याची एमएच-११ ची पाटी लावून रस्त्यावर आणणे म्हणूनच बेकायदा ठरू शकते. खरा क्रॉलर ट्रॉलीवर चढवून ओढ्यापर्यंत नेतात आणि ट्रॉलीवरच परत आणतात.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, क्रॉलर कधीच नेऊ नये. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण यादीबाहेरच्या सड्यांवरही कातळावरची माती बोटभरच असते आणि पावसाळी फुलांचे सगळे बी तेवढ्यातच असते. एका टायरने ती माती खरवडली की पुढच्या पावसात वाहून जाते. ओढ्यातही हाऊसिंगचे गळणारे तेल खालच्या विहिरींकडे जाते, म्हणून निघण्यापूर्वी सील बघतात. परत आल्यावर हाऊसिंगचा नट सैल करून तेल पाहतात. ते दुधी दिसले तर आत पाणी शिरलेले असते. पाटे आवळणाऱ्या नव्या यू-बोल्टांना पहिल्या दिवसानंतर पुन्हा ताण द्यावा लागतो, कारण ते लांबतात.