खाडा

मार्च आला की आमच्या हापिसात चहाच्या मशीनपाशी एकच विषय असतो. रजा किती उरल्या, पुढच्या वर्षात किती नेता येतील आणि किती बुडणार. यंदा माझ्या पोर्टलवर १९ दिवस दिसत होते. आम्स्टेलवेनला ऑनसाईट असलेल्या एका मित्राला सहज पिंग केलं, तर म्हणाला, "इकडे शिल्लक ठेवूच देत नाहीत रे. मॅनेजर मागे लागतो, सुट्टी घे म्हणून. वर मे महिन्यात सुट्टीचे पैसे वेगळे!"

मला ही थाप वाटली. मग शनिवारभर वाचत बसलो. खरं निघालं. नेदरलँड्समध्ये आठवड्याला जितके तास काम, त्याच्या चौपट तास वर्षाला भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला किमान हक्क आहे. पाच दिवसांचा आठवडा धरला तर २० दिवस. शिवाय १९६८ च्या कायद्याने आलेला सुट्टीभत्ता वेगळा. तो आज सर्वसाधारणपणे वर्षाच्या पगाराच्या ८ टक्के, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा पगार असतो. आणि गंमत म्हणजे नोकरीत असेपर्यंत ह्या किमान सुट्ट्या विकून पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे रजा 'एन्कॅश' करणारा माणूस हुशार समजला जातो. तिकडच्या कायद्याचं म्हणणं असं, की बाबा, हे पैसे तू घरी बसावंस म्हणून आहेत.

असो. हे सगळं डोक्यात घेऊन पाडव्याला गावी गेलो. गाव म्हणजे कनेरगाव नाका, हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड.

पाडवा म्हणजे आमच्याकडे साल ठरायचा दिवस. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, सालगडी पाडव्याला शेतावर लागतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षाची रक्कम आणि काही पोती धान्य आधीच ठरतं. माळ्यावर आजोबांच्या जुन्या वह्या आहेत, त्यातली एक ह्यावेळी चाळली. सालगड्याच्या नावाखाली उचल किती, ज्वारी किती दिली ते लिहिलेलं. आणि खाली वेगळी ओळ, 'खाडे'. ताप, २ खाडे. पोरीचं लग्न, ४ खाडे. सासरा वारला, ३ खाडे. वर्षअखेरीस सगळे मोजून पैसे वळते केलेले.

माझ्या स्वतःच्या लग्नाला मी दहा दिवस रजेवर होतो आणि त्या महिन्याच्या पगारात एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. वही मिटून ठेवली. आजोबा वाईट माणूस नव्हते, सगळ्या गावाच्या वह्या अशाच असणार. पण वही आमच्याच घरची होती.

रजा आणि खाडा ह्यात फरक फक्त एवढाच, की त्या दिवसाचे पैसे कोणाचे. आणि तो ठरायला आपल्याकडे बराच काळ गेला.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आता निदान व्हॉट्सअ‍ॅपमुळे तरी लोकांना माहीत झालंय, रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. (म्हणजे तोवर तो कधी होत असेल, विचार करा!) २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियांनी भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आलीही.

पण त्या कायद्यात पैशाचं काही नव्हतं. सुट्टी मिळाली, पगारी नव्हे.

पगारी रजा कायद्यात यायला आणखी चोपन्न वर्षं लागली. मधे १९३६ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ५२ क्रमांकाचा करार केला होता, की वर्षभर काम केलेल्याला किमान सहा दिवस भरपगारी सुट्टी द्यावी. त्याच वर्षी फ्रान्सने कायद्याने दोन आठवडे दिले. भारताने तो करार काही स्वीकारला नाही. पुढे १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४४ मध्ये फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडली आणि १९४५ साली ती मंजूर झाली. बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस, बालकामगाराला चौदा दिवस पगारी सुट्टी. आंबेडकर म्हटलं की आपल्याला घटना आठवते, फार तर महाडचं तळं. पण माझ्या पोर्टलवरचे १९ दिवस शोधत मागे गेलं तर रस्ता ह्या दुरुस्तीवरूनच जातो.

आता मेख. हा हक्क बारमाही कारखान्यांनाच होता, हंगामी कारखाने वगळलेले. आणि हंगामी म्हणजे कोण, तर १९३४ च्या कायद्याच्या व्याख्येत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग पहिल्या रांगेत! मुंबईच्या गिरणीत त्याच कापसाचं सूत काढणाऱ्याला पगारी सुट्टी आणि वऱ्हाडात त्याची सरकी काढणाऱ्याला खाडा. आमच्या गावाचा तर प्रश्नच नव्हता. वाशिमकडे इंग्रजांचा अंमल आणि अलीकडे निजामाचं राज्य. आजोबांच्या तोंडी करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, हा शब्द शेवटपर्यंत होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आमच्या नाक्याच्या पलीकडेच थांबायचा.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हंगामी-बारमाही हा भेद काढून टाकला. मग प्रश्न मिटला? नाही. १९५४ च्या दुरुस्तीने वर्षात २४० दिवस हजेरीची अट आली, ती भरली तर दर वीस दिवसांमागे एक दिवस. रजेचा पगार आदल्या महिन्याच्या रोजच्या सरासरीने काढायचा, आणि चार दिवसांची किंवा जास्त रजा असेल तर पैसे आधी हातात द्यायचे. अगदी नेटकी तरतूद आहे. पण दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन मार्च-एप्रिलात थंडावणाऱ्या जिनिंगमध्ये २४० दिवस भरणार कसे? शब्द गेला, अट आली, माणूस होता तिथेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती अट १८० दिवसांवर आली आहे. सुधारणा आहेच, पण जिनिंगचा हंगाम तरीही तोकडाच पडतो.

ऊसतोडीत तर खाड्याचे दिवसाचे पैसे बुडतातच, वर दंड वसूल होतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्यांनी विधानमंडळापर्यंत खळबळ उडाली आणि सरकारने समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. ह्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

माझ्यासोबत शाळेत असलेला एक मित्र नाक्यावरच्या हॉटेलात कामाला आहे. पहाटे पाचला भट्टी पेटवतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे चहाला बसलो. हॉटेलात सहा माणसं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा वाचायला छान आहे. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, आठ दिवस सणावाराची पगारी सुट्टी, शिवाय वीस दिवसांमागे एक. पण तो लागू दहा आणि त्याहून जास्त माणसं असतील तर, आणि २०२५ मध्ये ती मर्यादा वीसवर नेली. नाक्यावर वीस माणसं कामाला असलेलं एक दुकान दाखवा!

त्याला विचारलं, सुट्टी किती असते रे?

"कायची सुट्टी राज्या. नाई आलो त खाडा."

मी त्याला माझ्या १९ दिवसांचं सांगितलं. एवढे दिवस घरी बसलो तरी पगार चालू राहतो, हे त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग गिऱ्हाइकाचे ग्लास उचलता उचलता म्हणाला, "मंग उद्या चालला कायले?"